रांग नेमकी कुठे लागली आहे?

२० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो हे जगभरातल्या प्रोग्रॅमरांचं हक्काचं संकेतस्थळ ३४ मिनिटं बंद पडलं. कुणी हल्ला केला नव्हता, डिस्क भरली नव्हती, गर्दीही रोजचीच होती. कुणीतरी टाकलेल्या मजकुरातल्या एका ओळीत सलग सुमारे २०,००० रिकाम्या जागा होत्या, एवढंच. ओळीच्या दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा छाटण्यासाठी सर्व्हरवर एक छोटं रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरातला नमुना शोधणारं सूत्र, चालत असे. या ओळीत जागांच्या पुढे आणखी एक अक्षर होतं. त्यामुळे ते एक्स्प्रेशन पहिल्या जागेपासून टोकापर्यंत जाई, टोकाला अक्षर सापडलं की मागे फिरे, दुसऱ्या जागेपासून पुन्हा निघे, मग तिसऱ्या. २०,००० अधिक १९,९९९ अधिक १९,९९८ अशी बेरीज करत गेलं की तपासण्यांचा आकडा २० कोटींच्या घरात जातो.

हा मजकूर मुखपृष्ठावरच्या यादीत आला आणि मुखपृष्ठ मागणारी प्रत्येक रिक्वेस्ट तिथे अडकू लागली. सर्व्हर शाबूत आहे का, हे पाहण्यासाठी रिक्वेस्ट वाटून देणारा लोड बॅलन्सरही मुखपृष्ठच मागत असे. वेळेत उत्तर येईना, म्हणून त्याने एकेक सर्व्हर बाद ठरवला. कंपनीने नंतर दिलेल्या हिशेबानुसार कारण सापडायला १० मिनिटं गेली, दुरुस्ती लिहायला १४ आणि ती सगळीकडे पोहोचवायला १०.

यातली पहिली १० मिनिटं सर्वांत मोलाची आहेत. कॉलेजचं प्रवेश पोर्टल, पतसंस्थेचं खातं दाखवणारं पान, एखाद्या प्रकाशनाचं पुस्तकविक्रीचं संकेतस्थळ आणि आणखी दहा-वीस जणांची कामं एकाच यंत्रावर चालतात, तेव्हा ‘सर्व्हर स्लो आहे’ ही तक्रार आली की सहसा दोनच उपाय होतात. आधी रिस्टार्ट मारला जातो, आणि तेवढ्याने भागलं नाही तर मोठं यंत्र घेतलं जातं. रिस्टार्टने तासाभरासाठी बरं वाटतं. पण कोणती रिक्वेस्ट कुठे अडकली होती, डेटाबेसमध्ये कुणी कुणाला अडवून धरलं होतं, मेमरी कशाने भरली होती, हा सगळा पुरावा त्यात पुसला जातो. मोठं यंत्र घेणं कधीकधी योग्य असतं. मात्र खरी अडचण दुसरीकडेच असेल, तर त्या मोठ्या यंत्रावरही लोक तितकेच ताटकळतात. मंदपणाच्या बहुतेक तक्रारींच्या तळाशी एक रांग असते आणि ती कुठे लागली आहे हे सापडलं की निम्मं काम झालेलं असतं.

रांगांचं गणित संगणकापेक्षा जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ॲग्नर एर्लांग यांनी १९०९ साली फोनकॉलच्या गर्दीवर पहिला निबंध लिहिला. त्यातून वाढलेल्या शास्त्राचं एक साधं सूत्र प्रत्येक सर्व्हर सांभाळणाऱ्याला पाठ असायला हवं. काम करणारा एकच असेल आणि कामं अनियमितपणे येत असतील, तर एका कामाला लागणारा वेळ हा कामकऱ्याच्या मोकळेपणावर ठरतो. मुळात १०० मिलिसेकंदांचं काम सर्व्हर ५० टक्के व्यग्र असताना सरासरी २०० मिलिसेकंदांत होतं, ८० टक्क्यांना ५०० मिलिसेकंद घेतं, ९० टक्क्यांना एक सेकंद आणि ९५ टक्क्यांना दोन सेकंद. म्हणजे ९० वरून ९५ वर जाताना बोजा किंचित वाढतो आणि वाट पाहणं दुप्पट होतं. ‘काल तर व्यवस्थित चालत होतं, आज असं काय झालं?’ या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा या वक्रात असतं. काहीच विशेष झालेलं नसतं. फक्त आणखी एका संकेतस्थळाची भर पडलेली असते.

दुसरं सूत्र जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेलं. कामं येण्याचा वेग गुणिले प्रत्येक कामाला लागणारा वेळ, म्हणजे एका क्षणी आत अडकलेली कामं. सेकंदाला २० रिक्वेस्ट येत असतील आणि प्रत्येकीला ०.२ सेकंद लागत असेल, तर सरासरी चारच वर्कर, म्हणजे रिक्वेस्ट हाताळणाऱ्या प्रोसेस, गुंतलेले असतात. डेटाबेसमधल्या एखाद्या बिघाडामुळे तोच वेळ तीन सेकंदांवर गेला, तर ६० वर्कर अडकतात. बाहेरून येणारी गर्दी तसूभरही वाढलेली नसते, तरी वेब सर्व्हर तुडुंब भरतो आणि दोष गर्दीच्या माथी मारला जातो.

मग बघायचं कुठे? लिनक्सवर पहिली नजर लोड ॲव्हरेजकडे जाते, आणि तिथेच पहिली दिशाभूल होते. हा आकडा प्रोसेसरवरचा ताण दाखवतो असा समज रूढ आहे. लिनक्समध्ये मात्र डिस्कची वाट पाहत खोळंबलेल्या प्रोसेसही त्यात मोजल्या जातात. संगणकांच्या वेगाचे अभ्यासक ब्रेंडन ग्रेग यांनी २०१७ साली जुने ईमेल धुंडाळून हा बदल १९९३ सालचा असल्याचं शोधून काढलं. बदल सुचवणाऱ्याचं म्हणणं रास्त होतं. डिस्क संथ असली की यंत्र रखडतं, पण जुन्या मोजणीत अशा वेळी लोड उलट कमी दिसायचा. म्हणून आज लोड ४० असून प्रोसेसर जवळजवळ रिकामा, असं दृश्य दिसू शकतं. अशा वेळी प्रोसेसर वाढवण्यात पैसे वाया जातात.

ग्रेग यांनी या क्षेत्राला शिस्त लावली असं म्हणणं अतिशयोक्तीचं ठरणार नाही. प्रत्येक साधनाबद्दल तीनच प्रश्न विचारायचे, ही त्यांची पद्धत: ते किती वापरात आहे, त्याच्यापुढे रांग किती आहे, आणि चुका किती होत आहेत. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, नेटवर्क, प्रत्येकाला हेच तीन प्रश्न. नेटफ्लिक्समध्ये असताना त्यांनी २०१५ साली पहिल्या ६० सेकंदांत चालवायच्या दहा आज्ञांची यादी दिली. व्हीएमस्टॅट, आयओस्टॅट, पिडस्टॅट, सार, टॉप अशी जुनी, प्रत्येक लिनक्सवर सहज मिळणारी साधनं त्यात आहेत. त्याआधी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना, २००८ च्या अखेरीस त्यांनी डेटा सेंटरमधल्या डिस्कच्या कपाटासमोर उभं राहून मोठ्याने ओरडून दाखवलं होतं. त्या कंपनाने डिस्कचा प्रतिसाद मंदावला आणि समोरच्या आलेखावर तो क्षण स्पष्ट उमटला. आलेख चालू नसता, तर हे कारण कुणाला सुचलंही नसतं.

मोजमाप नसलं की काय होतं, याचा धडा अमेरिकेच्या हेल्थकेअर डॉट गव्हने दिला. १ ऑक्टोबर २०१३ रोजी हे आरोग्य विम्याचं सरकारी पोर्टल सुरू झालं. एका वेळी ५०,००० ते ६०,००० लोक येतील असा अंदाज होता. आले सुमारे अडीच लाख. पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण झाली ती सहा जणांची. मदतीला आलेल्या अभियंत्यांना, त्यात गूगलमधून आलेले मिकी डिकरसन होते, सर्वांत जास्त खटकलं ते हे की कुठला भाग किती वेळ घेतो हे एका जागी दाखवणारा फलकच नव्हता. अनेक कंत्राटदार, प्रत्येकाकडे आपापला तुकडा, आणि संपूर्ण चित्र कुणाकडेच नाही. त्यांनी आधी मोजमापाची साधनं बसवली आणि वारंवार लागणारी माहिती कॅशेमध्ये ठेवायला सुरुवात केली. रोजच्या बैठकांना नियमही घातले: बैठक प्रश्न सोडवण्यासाठी आहे, दोष ढकलण्यासाठी नाही, आणि बोलायचं ते विषय सर्वांत जास्त माहीत असलेल्याने, हुद्दा काहीही असो. ऑक्टोबरच्या अखेरीस आठ सेकंदांच्या आसपास असलेला प्रतिसादाचा वेळ १ डिसेंबरच्या सरकारी अहवालात एका सेकंदाच्या आत आला होता, आणि चुकांचं प्रमाण ६ टक्क्यांवरून १ टक्क्याखाली.

आता प्रत्यक्ष वेब सर्व्हरकडे. अपाचेच्या प्रीफोर्क पद्धतीत एका वेळी किती वर्कर चालतील याची मूळ मर्यादा २५६ आहे. ती संपली की लॉगमध्ये तशी स्पष्ट ओळ येते, पीएचपी-एफपीएमचा लॉगही मर्यादा गाठल्याचं सांगून ती वाढवण्याचा सल्ला देतो. हा सल्ला डोळे मिटून पाळला की घात होतो. पीएचपी चालवणारा एक वर्कर ५० मेगाबाइट मेमरी घेत असेल, तर २५६ वर्करना १२.८ गिगाबाइट लागतील. यंत्रात आठच असतील तर उरलेला भार डिस्कवरच्या स्वॅपमध्ये जातो, आणि चांगली एसएसडीदेखील मेमरीपेक्षा साधारण हजारपट संथ असते. वर्कर वाढवले आणि सर्व्हर आणखी रखडला, ही कहाणी अनेक ठिकाणी घडते ती अशी. अनेकदा वर्करांची संख्या कमी करणं हाच उपाय ठरतो. थोडे लोक दाराबाहेर थांबतात, पण आत आलेल्यांचं काम झटपट होतं.

खरा मुक्काम बहुतेक वेळा डेटाबेसमध्येच पडतो. मायएसक्यूएलमध्ये संथ क्वेरींची नोंद ठेवण्याची सोय आहे, पण ती मुळात बंद असते. चालू केली तरी ‘संथ’ म्हणजे दहा सेकंदांहून जास्त, अशी तिची मूळ व्याख्या आहे. वेब पानासाठी दहा सेकंद म्हणजे माणूस निघून गेलेला असतो. हा आकडा एक सेकंदावर किंवा त्याहून खाली आणून एक दिवस नोंद घेतली, की चार-दोन क्वेरी मान वर काढतात. कारणं सहसा ओळखीची असतात. ज्या स्तंभावर शोध घेतला जातो त्याला इंडेक्स नसतो. हजार नोंदींच्या टेबलात ते कळत नाही, वीस लाख नोंदी झाल्या की प्रत्येक शोधासाठी अख्खं टेबल चाळलं जातं. एक्सप्लेन ही आज्ञा क्वेरीपुढे लावली की डेटाबेस स्वतःच आपला बेत उघड करतो.

दुसरा प्रकार अधिक फसवा. पानावर ५० विद्यार्थ्यांची यादी दाखवायची असते; एक क्वेरी यादी आणते आणि मग प्रत्येक विद्यार्थ्याच्या शाखेचं नाव आणण्यासाठी आणखी ५० सुटतात. प्रत्येक क्वेरी दोन मिलिसेकंदांची, त्यामुळे संथ क्वेरींच्या नोंदीत एकही येत नाही. जँगो, रेल्स, लॅराव्हेल यांसारख्या चौकटी क्वेरी आपोआप लिहून देतात, म्हणून हा दोष प्रोग्रॅमरच्या नजरेलाही पडत नाही. एका पानामागे किती क्वेरी जातात हे मोजणं, हाच त्यावरचा इलाज.

आणि लॉक. कार्यालयात कुणीतरी एखादं ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून चहाला जातं, तेवढ्यात त्याच नोंदींना हात लावणाऱ्या सगळ्यांचा खोळंबा होतो. या वेळी प्रोसेसर शांत, डिस्क शांत, आणि तरीही पान उघडत नाही. मायएसक्यूएलला चालू प्रोसेसची यादी मागितली की कोण किती वेळापासून खोळंबलं आहे ते दिसतं. रिस्टार्ट मारण्याआधी ही एक यादी जपून ठेवण्याची सवय प्रत्येक कार्यालयाने लावून घ्यावी.

काही रांगा इतक्या आडवाटेला असतात की त्या माहीत असल्याशिवाय सापडत नाहीत. पीएचपी मुळात सेशनची माहिती फाइलमध्ये ठेवते आणि एक रिक्वेस्ट चालू असेपर्यंत ती फाइल कुलूपबंद करते. एकाच विद्यार्थ्याने तीन टॅब उघडले, तर दुसरा पहिल्यासाठी थांबतो, तिसरा दुसऱ्यासाठी. सर्व्हरवर ताण शून्य, आणि तो विद्यार्थी मात्र संतापलेला. पान प्रत्येक वेळी जवळजवळ नेमके पाच सेकंद उशिरा उघडत असेल तर संशय डीएनएसवर घ्यावा. लिनक्समध्ये नावाचा पत्ता शोधताना एका नेमसर्व्हरने उत्तर दिलं नाही, तर दुसऱ्याकडे वळण्याआधी पाच सेकंद थांबण्याची मूळ मुदत असते. पेमेंट गेटवे, एसएमएस पाठवणारी सेवा, नकाशा, हे सगळे बाहेरचे पाहुणे. त्यांच्यासाठी किती वेळ थांबायचं याची मुदत कोडमध्ये लिहिलेली नसेल, तर त्यांच्या दारातली रांग आपल्या दारात येते. वर्डप्रेसमध्ये वेळापत्रकावरची कामं पान उघडणाऱ्याच्या निमित्ताने सुरू होतात, आणि प्रत्येक पानासोबत आपोआप लोड होणाऱ्या सेटिंग्जचा ढिगारा जुन्या प्लगइनमुळे फुगत जातो. तो सुमारे ८०० किलोबाइटच्या वर गेला की नव्या आवृत्त्या स्वतःहून इशारा देतात.

सरासरीवर विश्वास ठेवणं ही आणखी एक घातक सवय. १०० पैकी ९९ रिक्वेस्ट ५० मिलिसेकंदांत झाल्या आणि एकीला पाच सेकंद लागले, तर सरासरी येते सुमारे १०० मिलिसेकंद. कागदावर सगळं उत्तम. गूगलचे जेफ डीन आणि लुईझ आंद्रे बारोसो यांनी २०१३ साली याचं पुढचं टोक दाखवलं. एक पान तयार करायला १०० सर्व्हरकडून उत्तरं लागत असतील आणि त्यातला प्रत्येक शंभरात एकदाच रखडत असेल, तरी १०० पैकी ६३ वाचकांना ते रखडणं भोगावं लागतं. म्हणून सरासरीऐवजी शंभरातल्या सर्वांत संथ एक-दोन रिक्वेस्टना किती वेळ लागला, हे विचारायला हवं.

सामायिक सर्व्हरचं वेगळेपण यापुढे सुरू होतं. इथे दोष आपल्या कोडमध्ये नसूनही आपण भरडले जाऊ शकतो. २००४ साली ब्रायन कँट्रिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीट्रेस या साधनावर निबंध वाचला, त्यात याचं नमुनेदार उदाहरण आहे. सन कंपनीतला एक सर्व्हर सुमारे १७० जण मिळून वापरत आणि तो कायम गुदमरलेला असे. डीट्रेसने धागा मागे मागे नेला, तेव्हा तो काही जणांच्या पडद्यावर शेअर बाजाराचे भाव सरकत दाखवणाऱ्या एका चिमुकल्या प्रोग्रॅमपाशी पोहोचला. ज्यांनी तो लावला होता त्यांना आपल्यामुळे इतरांचं काम अडतंय याची कल्पनाही नव्हती.

आजच्या क्लाउडमध्ये हा शेजारी दिसतही नाही. टॉपमध्ये वर दिसणाऱ्या प्रोसेसरच्या ओळीत शेवटी एक टक्केवारी असते. आपल्या आभासी यंत्राला काम करायचं होतं, पण खालच्या खऱ्या यंत्राने तो वेळ दुसऱ्याला दिला, त्याचं हे माप. ते सतत दहा टक्क्यांच्या वर दिसत असेल तर कोड तपासत बसण्यात अर्थ नाही. स्वस्त यंत्रांची आणखी एक गोम आहे. ॲमेझॉनचं २०१४ साली आलेलं टी२ मायक्रो तासाला सहा क्रेडिट कमावतं; एक क्रेडिट म्हणजे एका मिनिटाचा पूर्ण प्रोसेसर. साठा संपला की यंत्र १० टक्के क्षमतेवर येतं. सकाळी वेगवान, दुपारी ठप्प, रात्री पुन्हा ठीक, असा दिनक्रम दिसला की आधी हा साठा पाहावा.

यावर मूलगामी उपाय म्हणजे प्रत्येकाचा वाटा कर्नलनेच बांधून देणं. गूगलच्या अभियंत्यांनी २००६ साली सुरू केलेलं सीग्रुप्सचं काम २००८ च्या जानेवारीत लिनक्स २.६.२४ मधून सर्वांपर्यंत पोहोचलं. डॉकर आणि कुबरनेटिस त्यावरच उभे आहेत. डिसेंबर २०१८ मधल्या लिनक्स ४.२० ने, फेसबुकमध्ये झालेल्या कामातून, आणखी उपयुक्त माप दिलं: गेल्या दहा सेकंदांत, मिनिटात, पाच मिनिटांत किती टक्के वेळ कामं प्रोसेसर, मेमरी किंवा डिस्कसाठी खोळंबली. लोड ॲव्हरेजने जे सांगायला हवं होतं ते हे माप सांगतं, तरी अजून पुष्कळ ठिकाणी ते कुणी उघडूनही पाहत नाही. क्लाउडलिनक्सवर चालणाऱ्या स्वस्त होस्टिंगमध्ये प्रत्येक ग्राहकाला प्रोसेसर, मेमरी, डिस्कचा वेग आणि एकाच वेळच्या रिक्वेस्ट यांची मर्यादा असते. यांतली एकाच वेळच्या रिक्वेस्टची मर्यादा ओलांडली की ५०८ क्रमांकाची चूक दिसते. करार करताना जागा किती गिगाबाइट हे सगळे विचारतात. या चार मर्यादा विचारणारे विरळाच, आणि वेग ठरतो तो त्यांवर.

राहिली गर्दी. १६ जुलै २०२१ रोजी दुपारी महाराष्ट्रातल्या दहावीचा निकाल लागला, तेव्हा सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांसाठीची संकेतस्थळं कित्येक तास उघडेनात. अशी गर्दी आगाऊ माहीत असते, दिवस-वेळ ठरलेली असते आणि माहिती जाहीर झाल्यावर बदलत नाही. प्रत्येक बैठक क्रमांकाचं पान आदल्या रात्री तयार करून जागोजागच्या कॅशे सर्व्हरवर ठेवता येतं. मग डेटाबेसला हात लावायची वेळच येत नाही. लाइव्हजर्नल या ब्लॉगसेवेसाठी ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ साली मेमकॅश्ड लिहिलं ते याच विचाराने: एकदा काढलेलं उत्तर पुन्हा काढायचं नाही.

रेल्वेच्या तत्काळ तिकिटांचं दुखणं निराळं. वातानुकूलित डब्यांसाठी दहा आणि इतरांसाठी अकरा वाजता लाखो लोक त्याच थोड्या जागांवर एकदम हक्क सांगतात. इथे उत्तर साठवून चालत नाही. एक जागा दोघांना देता येत नाही, म्हणून लॉक अटळ. आयआरसीटीसीने २८ एप्रिल २०१४ ला नवी प्रणाली आणून मिनिटाला २,००० तिकिटांची क्षमता ७,२०० वर नेली, तरी तक्रारी थांबल्या नाहीत. २०२५ साली रेल्वेने त्याचं एक कारण सांगितलं: तत्काळ सुरू झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांतल्या लॉगिनच्या प्रयत्नांपैकी निम्म्यापर्यंत प्रयत्न बॉटचे असत.

हाच आता लहानसहान सर्व्हरांचाही प्रश्न बनला आहे. भाषा-मॉडेलांसाठी मजकूर गोळा करणारे क्रॉलर जुनी, कुणी न वाचणारी पानं एकामागून एक उपसतात. ती पानं कॅशेमध्ये नसतात, म्हणून प्रत्येक वेळी डेटाबेस जागा होतो. विकिमीडियाने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलेला हिशेब बोलका आहे: पानं पाहण्यात बॉटचा वाटा ३५ टक्के, पण सर्वांत खर्चिक रिक्वेस्टमध्ये तो ६५ टक्के. जुन्या अंकांचा संग्रह जपणाऱ्या संस्थेच्या सामायिक सर्व्हरवर अशी धाड आली तर त्याच यंत्रावरची पतसंस्थाही रखडते. ॲक्सेस लॉग पत्त्यांनुसार आणि ब्राउझरच्या नावांनुसार मोजून पाहिला की काही मिनिटांत हे उघड होतं. मग वेगमर्यादा घालता येते, जुनी पानं स्थिर फाइलींत रूपांतरित करून ठेवता येतात, किंवा ॲन्युबिससारखं साधन पुढे बसवता येतं. ते पान देण्याआधी ब्राउझरकडून एक छोटं गणित सोडवून घेतं. मात्र ब्राउझरचं खोटं नाव सांगून, हजारो वेगवेगळ्या पत्त्यांवरून एकेकच रिक्वेस्ट पाठवणाऱ्या क्रॉलरपुढे पत्त्यांनुसार घातलेली वेगमर्यादा निकामी ठरते, आणि गणिताची अट जुन्या मोबाइलवरून येणाऱ्या खऱ्या वाचकालाही ताटकळत ठेवते.